फोन चार्जिंगला लावून तुम्ही झोपता, तेव्हा तो काय काय करत असतो?

मेसेज रात्री ११ ला आलेला असतो. नोटिफिकेशन मात्र सकाळी फोन हातात घेतल्यावर वाजतं, तेही एकटं नाही. मागोमाग ईमेलचं, बातमीच्या ॲपचं, शेअर बाजाराच्या ॲपचं, सगळ्यांचं एकदम. जणू सगळे दाराबाहेर रांग लावून उभे होते आणि आत्ताच कुणीतरी कडी काढली.

आपण नेटवर्कला शिव्या घालतो. पण बऱ्याचदा नेटवर्कचा यात काहीच दोष नसतो. कडी खरंच कुणीतरी लावलेली असते, आणि ती फोननेच लावलेली असते, मुद्दाम.

फोनमध्ये ५०-६० ॲप्स असतात. प्रत्येकाला वाटतं की आपलं काम आत्ताच्या आत्ता व्हावं. कुणाला हवामान तपासायचं असतं, कुणाला फोटो वर चढवायचे असतात, कुणाला नुसतं सर्व्हरला विचारायचं असतं की माझ्यासाठी काही आलंय का. सगळ्यांचं ऐकलं तर दुपारीच बॅटरी लाल होईल. म्हणून कोणतं काम कधी, कुठे आणि कोणत्या परिस्थितीत करायचं हे ठरवणारा एक मुकादम फोनच्या सिस्टीममध्ये बसवलेला असतो. तांत्रिक भाषेत त्याला शेड्युलर म्हणतात.

हा मुकादम कसा विचार करतो हे कळलं की औषधाची आठवण उशिरा का वाजली हेही कळतं, आणि भूकंपाचा इशारा काही सेकंद आधी कसा मिळू शकतो हेही.

एसटी नाही, वडाप

एसटी वेळेवर सुटते. निदान सुटायला हवी. वडापची जीप मात्र भरल्यावर सुटते. तुम्ही एकटेच येऊन बसलात तर ड्रायव्हर स्टिअरिंगवर हात ठेवून शांत बसून राहतो, कारण एका माणसासाठी डिझेल जाळणं त्याला परवडत नाही.

फोनचंही अगदी हेच गणित आहे. इथे डिझेलच्या जागी बॅटरी आहे आणि जीपच्या जागी फोनचा रेडिओ, म्हणजे मोबाईल टॉवरशी बोलणारा भाग. या रेडिओची एक खोड आहे. काम झालं की तो लगेच झोपत नाही. आणखी काही येईल या आशेने थोडा वेळ जागाच राहतो. अँड्रॉइडच्या डेव्हलपर्ससाठी असलेल्या माहितीत ३जी रेडिओचं एक नमुनेदार उदाहरण दिलेलं आहे. डेटा पाठवून झाल्यावर रेडिओ साधारण ५ सेकंद पूर्ण ताकदीवर राहतो, मग १२ सेकंद कमी ताकदीवर, आणि त्यानंतर झोपतो.

आता हिशोब करा. एखादं ॲप दर १८ सेकंदांनी फक्त १ सेकंदाचा डेटा पाठवतंय. ऐकायला किरकोळ वाटतं. पण १ अधिक ५ अधिक १२ म्हणजे १८. रेडिओला झोपायला एक क्षणही मिळत नाही. त्याच ॲपने दर मिनिटाला एकदाच, ३ सेकंदांचा डेटा एकत्र पाठवला तर? रेडिओ ८ सेकंद पूर्ण ताकदीवर, १२ सेकंद कमी ताकदीवर आणि उरलेली ४० सेकंद झोपलेला. काम जवळपास तेवढंच, पण बॅटरीच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक.

म्हणून मुकादमाचा पहिला नियम ठरला : सवारी गोळा करा, मग गाडी काढा.

गूगलने २०१४ मध्ये अँड्रॉइड ५ सोबत जॉबशेड्युलर नावाची सोय आणली. त्यात ॲपने "मला ४ वाजता उठव" असं सांगायचं नसतं. अट सांगायची असते. "फोन चार्जिंगला असेल आणि वायफाय असेल तेव्हा माझं हे काम कर." नेमकी वेळ सिस्टीम ठरवते. आयफोनवरही २०१९ पासून याच धाटणीची सोय आहे. तिथे वेळेबाबत ॲप फक्त "या वेळेच्या आधी नको" एवढंच सांगू शकतं. त्यानंतर कधी, याची हमी ॲपल देत नाही.

फोन डुलकी घेतो

२०१५ मध्ये अँड्रॉइड ६ आलं आणि मुकादम आणखी कडक झाला. या नव्या शिस्तीचं नाव डोझ, म्हणजे डुलकी. फोन चार्जिंगला लावलेला नाही, स्क्रीन बंद आहे आणि फोन बराच वेळ हललेलाही नाही, या तीन गोष्टी जुळल्या की सिस्टीम समजते की मालकाला सध्या फोनची गरज नाही. मग बहुतेक ॲप्सचं इंटरनेट तोडलं जातं आणि ठरलेली कामं पुढे ढकलली जातात. अधूनमधून थोडा वेळ दार उघडतं, तुंबलेली कामं उरकली जातात आणि दार पुन्हा बंद. फोन जितका जास्त वेळ पडून राहील, तितकं हे दार उघडण्यातलं अंतर वाढत जातं.

पुढच्याच वर्षी अँड्रॉइड ७ मध्ये याची हलकी आवृत्ती आली. ती फोन खिशात असताना आणि तुम्ही चालत असतानाही लागू होते.

२०१८ मध्ये अँड्रॉइड ९ ने तर ॲप्सची वर्गवारीच सुरू केली. रोजचं, नेहमीचं, अधूनमधूनचं, क्वचितचं. तुम्ही एखादं ॲप जितकं कमी उघडाल तितकं ते रांगेत मागे ढकललं जातं. सगळ्यात मागच्या गटातल्या ॲपचं काम २४ तासांपर्यंतही पुढे जाऊ शकतं. महिन्यातून एकदा उघडलेलं ॲप "मला नोटिफिकेशनच येत नाही" अशी तक्रार ऐकतं त्यामागे हेही एक कारण असतं.

मग व्हॉट्सॲपचा कॉल मध्यरात्रीही कसा वाजतो? कारण प्रत्येक नियमाला रुग्णवाहिकेचा अपवाद असतो. सर्व्हरकडून येणाऱ्या संदेशाला "तातडीचा" असा शिक्का मारता येतो आणि तो डुलकी मोडून आत येतो. घड्याळाचा गजरही वेळेवर वाजतो. त्यासाठी वेगळी व्यवस्था आहे, गजराच्या थोडं आधी फोन स्वतःहून जागा होतो.

खरी गोची मधल्या ॲप्सची होते. उदाहरणार्थ, औषधाची आठवण करून देणारं ॲप. त्याने गजराची व्यवस्था न वापरता साधी आठवण लावली असेल तर डुलकीत गेलेला फोन ती पुढे ढकलू शकतो. अँड्रॉइड १२ पासून नेमक्या वेळेचा गजर लावायला वेगळी परवानगी आली, आणि अँड्रॉइड १४ पासून बहुतेक नव्याने टाकलेल्या ॲप्सना ती आपोआप मिळत नाही, तुम्ही स्वतः द्यावी लागते. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनमध्ये बीपीच्या किंवा शुगरच्या गोळीची आठवण लावून दिली असेल, तर सेटिंग्जमध्ये "अलार्म्स अँड रिमाइंडर्स" ही परवानगी त्या ॲपला आहे का, हे एकदा बघून घ्या. त्याच ॲपच्या बॅटरीच्या पर्यायात "अनरिस्ट्रिक्टेड" निवडलं तर मुकादम त्याच्या वाटेला फारसा जात नाही.

यात आणखी एक भानगड आहे. गूगलच्या नियमांवर काही मोबाईल कंपन्या स्वतःचे नियम चढवतात. "बॅटरी दोन दिवस चालते" हे जाहिरातीत छान दिसतं, त्यापायी मागे चालू असलेली ॲप्स सरसकट मारली जातात. हा वैताग इतका जुना आहे की कोणती कंपनी ॲप्सना किती छळते याची क्रमवारी लावणारी "डोन्ट किल माय ॲप" नावाची वेबसाइटच डेव्हलपर्सनी काढली आहे.

वेळ कळली, जागेचं काय?

काही कामं वेळेवर नाही, जागेवर अवलंबून असतात. "घरी पोचलो की दूध आणायची आठवण कर", "ऑफिसात शिरलो की हजेरी लाव". यासाठी नकाशावर एक अदृश्य वर्तुळ आखलं जातं. त्याला जिओफेन्स म्हणतात, सोप्या भाषेत डिजिटल कुंपण. तुम्ही कुंपण ओलांडलं की काम सुरू.

पण हे ओळखायला जीपीएस सतत चालू ठेवलं तर बॅटरीचं पुन्हा वाटोळं. म्हणून फोन इथेही काटकसर करतो. टॉवर आणि वायफायवरून अंदाज घेतो, तुम्ही हलताय का हे सेन्सरवरून बघतो आणि गरज पडली तरच बारकाईने जागा शोधतो. या काटकसरीची किंमत उशिराच्या रूपात मोजावी लागते. अँड्रॉइडवर कुंपण ओलांडल्याचं ॲपला कळायला सरासरी २ ते ३ मिनिटं लागू शकतात, आणि फोन बराच वेळ एका जागी पडून असेल तर ६ मिनिटांपर्यंत. वर्तुळाची त्रिज्या निदान १०० ते १५० मीटर ठेवा, असा सल्ला गूगलच देतं. त्यामुळे किराणा दुकानाची आठवण दुकान मागे पडल्यावर आली तर फोन बिघडलाय असं समजू नका.

कुंपणांची संख्याही मोजकी. अँड्रॉइडवर एका ॲपला १००, आयफोनवर फक्त २०.

एक फोन नाही, लाखो फोन

इथपर्यंत एका फोनचा संसार झाला. पण जगभर टेबलावर, उशीशेजारी पडलेले सगळे फोन मिळून एखादं मोठं काम करू लागले तर?

कल्पना जुनी आहे. १९९९ मध्ये सुरू झालेल्या सेटी ॲट होम या प्रकल्पात लोकांच्या घरचे रिकामे कम्प्युटर परग्रहावरच्या संदेशांचा शोध घेण्यासाठी वापरले जात. २०२० मध्ये त्याने नवं काम वाटणं थांबवलं. फोनच्या बाबतीत मात्र हे जास्त अवघड आहे. कम्प्युटर टेबल सोडून जात नाही. फोन खिशात बसून लोकलने फिरतो, त्याची रेंज जाते, चार्जरवरून तो कधीही उचलला जातो.

गूगलने २०१७ मध्ये त्यांच्या जीबोर्ड या कीबोर्डसाठी एक पद्धत जाहीर केली. पुढचा शब्द सुचवायला कीबोर्डला लोकांच्या लिहिण्यातून शिकावं लागतं. पण सगळ्यांचं लिखाण सर्व्हरवर ओढून घेणं धोक्याचं. म्हणून उलटं केलं. शिकायचं काम फोनवरच करायचं, आणि काय शिकलं त्याचा फक्त सारांश सर्व्हरकडे पाठवायचा. याला फेडरेटेड लर्निंग म्हणतात. अट तीच जुनी : फोन वापरात नसावा, चार्जिंगला असावा आणि ज्याचं बिल वाढत नाही अशा वायफायवर असावा.

या तीन अटी एकाच वेळी कधी पूर्ण होतात? रात्री. कंपनीच्या संशोधकांनी २०१९ मध्ये या यंत्रणेवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. मुख्यतः अमेरिकेतल्या फोन्सच्या गटात दिवसभरातल्या सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त हजेरीत चारपट फरक दिसला, असं त्यात म्हटलंय. म्हणजे काम आपोआप रात्रीमागे सरकतं. एका देशात उजाडलं की तिथले फोन कामावरून उठतात आणि जिथे अंधार पडला तिथले हजेरी लावतात. मुकादमासाठी पृथ्वीचं फिरणं हेच वेळापत्रक.

तरीही मध्येच कुणीतरी तहान लागली म्हणून उठतो, फोन उचलतो आणि त्या फोनचं काम अर्धवट राहतं. ६ ते १० टक्के फोन असे गळतात. त्यावरचा उपाय गल्ली क्रिकेटच्या कॅप्टनला विचारला असता तरी त्याने सांगितला असता. ११ जण हवेत ना, मग १४ जणांना फोन कर. सर्व्हरही गरजेच्या १३० टक्के फोन निवडतो.

उलटी अडचणही असते. फार फोन एकदम धावून आले तर सर्व्हर झोपतो. सकाळी १० ला एसी तत्काळ तिकिटांसाठी काय झुंबड उडते ते आपल्याला माहीतच आहे. म्हणून फोन्सना एकच वेळ दिली जात नाही. प्रत्येकाला थोडी पुढे-मागे वेळ सांगितली जाते, म्हणजे गर्दी आपोआप पांगते.

आता यातला टोचणारा भाग. ज्याच्या घरी वायफाय आहे, ज्याचा फोन रात्रभर स्वतःच्या चार्जरवर असतो, त्याचाच फोन या शिकवणीत हजर असतो. चौघांत एक चार्जर असलेलं घर, रात्रपाळीचा वॉचमन, फक्त मोबाईल डेटावर चालणारा विद्यार्थी, यांचे फोन गैरहजर. त्या शोधनिबंधात संशोधकांनी हे स्वतःच मान्य केलंय. काही देशांत बहुसंख्य लोकांना बिनमोजणीचं नेट क्वचितच मिळतं, असं त्यात लिहिलंय. तेव्हा किमान २ जीबी मेमरीचेच फोन घेतले जात होते, त्यामुळेही निवड एकांगी होऊ शकते, असंही म्हटलंय. बॅटरी वाचवण्यासाठी घातलेली साधी अट, पण कीबोर्ड कुणाची भाषा शिकणार हे त्यातून ठरतं.

आणि मग जमीन हलते

चार्जिंगला लावलेला, न हलणारा फोन आणखी एका कामासाठी उत्तम असतो. त्यातला सेन्सर, जो फोन आडवा केला की स्क्रीन फिरवतो, तो जमिनीचा हादराही टिपू शकतो. गूगलने २०२० पासून हेच वापरून भूकंपाचा इशारा देणारी यंत्रणा उभी केली. फोन थरथरला की तो आपल्या ढोबळ जागेसह सर्व्हरला कळवतो. एका फोनचं कुणी ऐकत नाही, तो टेबलावरून पडलेलाही असू शकतो. पण एकाच भागातले अनेक फोन एकाच वेळी तेच सांगू लागले, तर सर्व्हर भूकंपाचं केंद्र आणि ताकद यांचा अंदाज काढतो आणि पुढच्या गावांना इशारा पाठवतो.

यात शर्यत आहे. जास्त नुकसान करणाऱ्या लाटा जमिनीतून सेकंदाला साधारण साडेतीन किलोमीटर वेगाने जातात. इंटरनेटवरचा संदेश त्याहून कितीतरी वेगाने जातो. १०० किलोमीटरवरच्या माणसापर्यंत ही लाट पोचायला २८-२९ सेकंद लागतात. ओळखण्यात आणि इशारा पाठवण्यात गेलेले सेकंद वजा केले तरी टेबलाखाली शिरायला वेळ उरतो.

सर्व्हर फसतोही. मार्च २०२४ पर्यंत या यंत्रणेने १,२७९ घटनांसाठी इशारे दिले. त्यातले ३ खोटे निघाले. दोनदा वादळी गडगडाट होता. तिसऱ्या वेळी एका सामूहिक नोटिफिकेशनमुळे एकाच भागातले ढिगाने फोन एकत्र व्हायब्रेट झाले होते, आणि सर्व्हरला वाटलं जमीन हलतेय!

मोठी चूक मात्र वेगळीच होती, आणि तिच्यावर हसता येत नाही. ६ फेब्रुवारी २०२३, पहाटे ४ वाजून १७ मिनिटं. तुर्कीत ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. तुर्की आणि सीरियात मिळून ५५ हजारांहून अधिक माणसं गेली. पहाटेची वेळ म्हणजे चार्जिंगला लावलेले, स्थिर फोन भरपूर. पण यंत्रणेने पहिल्या भूकंपाची ताकद ४.५ ते ४.९ अशी फार कमी धरली. सगळ्यात वरच्या पातळीचा इशारा, जो फोन सायलेंटवर असला तरी मोठ्याने वाजतो, तो फक्त ४६९ जणांना गेला. सुमारे एक कोटी लोकांना तो देता आला असता, हे गूगलने २०२५ मध्ये बीबीसीकडे मान्य केलं. सुमारे ५ लाख लोकांना खालच्या पातळीचा इशारा गेला, जो झोपलेल्या माणसाला उठवण्यासाठी बनवलेलाच नाही. नंतर सुधारलेल्या गणिताने तोच भूकंप पुन्हा चालवून पाहिला, तेव्हा एक कोटी वरच्या पातळीचे इशारे निघाले.

भारतात ही सोय सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आणि राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र यांच्याशी सल्लामसलत करून ती आणल्याचं गूगलने सांगितलं. अँड्रॉइड ५ आणि त्यापुढच्या फोन्सवर ती चालते.

महाराष्ट्राला हा हिशोब परका नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून किल्लारी आणि आसपासची गावं झोपली होती. जवळपास १० हजार लोक त्या भूकंपात गेले. तेव्हा अशी यंत्रणा असती तर खुद्द किल्लारीला तिचा उपयोग जवळजवळ शून्य झाला असता. केंद्राच्या डोक्यावर बसलेल्या गावात लाट इशाऱ्याच्या आधी पोचते, यावर जगात कुठेच तोड नाही. साधारण ४० किलोमीटरवरच्या लातूर शहराला मात्र लाट पोचायला ११-१२ सेकंद लागली असती. ओळखण्याचा वेळ वजा केला तर हातात उरले असते मोजके सेकंद. अंथरुणातून उठून दारापर्यंत जाण्याएवढे, तेही फोन वाजला असता तर.

ही सोय तुमच्या फोनवर आहे का हे बघायला सेटिंग्जमध्ये "सेफ्टी अँड इमर्जन्सी" मध्ये जा, तिथे "अर्थक्वेक अलर्ट्स" दिसेल. काही फोनमध्ये ती "लोकेशन" च्या आत असते. लोकेशन चालू असावं लागतं आणि नेटही. आपल्याकडे अनेक घरांत झोपताना डेटा बंद करायची सवय आहे, डेटा वाचतो आणि पोरं रात्री फोन बघत नाहीत म्हणून. असा फोन चार्जरवर कितीही शांत पडलेला असला तरी त्याला जाणवलेला हादरा तो कुणाला कळवू शकत नाही, आणि शेजारच्या जिल्ह्यातून निघालेला इशारा त्याच्यापर्यंत पोचत नाही.